रिकाम्या ताटाचा राग

तोंडावर सगळे त्यांना मावशी म्हणायचे आणि पाठ वळली की फौजदारबाई. हे दुसरं नाव त्यांच्या कानावर गेलेलं होतं आणि मनातून त्यांना ते आवडतही होतं. बस दुरुस्तीच्या एका मोठ्या कारखान्याचं कँटीन त्यांनी एकतीस वर्षं चालवलं. हाताखाली पाच माणसं, समोर जेवायला तीनशे, आणि आवाज असा की बाहेर इंजिन धडधडत असलं तरी आत शब्द न् शब्द ऐकू यावा.

कँटीनला दोन खिडक्या होत्या. एकीतून वाढलेली ताटं बाहेर जायची, दुसरीतून उष्टी ताटं आत यायची. मुख्य स्वयंपाकीण म्हटलं की ती वाढायच्या खिडकीशी उभी राहणार, चार शब्द गोड बोलणार, चार स्तुतीचे ऐकून घेणार. बाई उभ्या राहायच्या त्या उष्ट्या ताटांच्या खिडकीशी, कमरेवर हात ठेवून. ताट आत आलं की आधी ताटाकडे बघायचं, मग ते आणणाऱ्याकडे.

"गाजरं का राहिली?"

"मावशी, दाढ दुखतेय."

"मग दाढ दाखवून ये. माझ्या गाजरांवर कशाला राग काढतोस?"

कोणाचं घरात बिनसलंय, कोण कालची उतरायच्या आत कामावर आलाय, कोणाला बढती मिळालीय, हे बाईंना ताटावरून कळायचं. रंगकामातला एक धिप्पाड माणूस सलग तीन दिवस अर्धं ताट परत आणत होता. चौथ्या दिवशी बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि डोळे बघितले. डोळे पिवळे होते. हातातला झारा टाकून त्या त्याला तशाच दवाखान्यात घेऊन गेल्या, वाटभर त्याची खरडपट्टी काढत. कावीळ निघाली. महिनाभरानं तो कामावर आला आणि त्याचं ताट चाटूनपुसून परत आलं, तेव्हा बाईंनी नुसती मान हलवली. बाईंच्या लेखी तो मोठा सत्कार होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. या बाईंनी एकतीस वर्षांत पातेल्यातला घास कधी चाखून पाहिला नाही. मिठाचा अंदाज हाताला, शिजल्याचा अंदाज वासाला आणि बाकीचा निकाल परत येणाऱ्या ताटांवर. ताटं रिकामी आली की स्वयंपाक साधला. ताटात काही उरलं की बाईंच्या जिवाला घोर लागायचा. टाकलेलं अन्न म्हणजे त्यांना तोंडावर केलेला अपमान वाटायचा.

नोकरीच्या शेवटच्या चार-पाच वर्षांत या निकालाचीच वाट लागली. जो तो जेवताना पाण्याच्या पेल्याला मोबाइल टेकवून ठेवायचा, डावा हात त्यावर आणि उजवा ताटात. तीनशे माणसं जेवतायत आणि हॉलमध्ये माणसाचा आवाज नाही. सगळे आवाज पेल्यांना टेकलेल्या डबड्यांतून येतायत. ताटं मात्र रिकामी येत होती, पूर्वीपेक्षा जास्त रिकामी. बाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांच्या डोक्यात तिडीक जायची.

एकदा त्या खिडकी सोडून बाहेर आल्या आणि टायरवाल्या पोराच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कसं झालंय?"

"एक नंबर, मावशी," तो मान वर न करता म्हणाला.

"काय खातोयस?"

आता त्याला ताटात बघावं लागलं. निम्मं ताट संपलेलं होतं आणि त्या गड्याला आपण काय गिळतोय याचा पत्ता नव्हता! बाईंनी ताट उचललं आणि सरळ आत नेलं. तो ‘मावशी, मावशी’ करत मागं आला. "ओळखून सांग, मग देते," त्या म्हणाल्या. पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. आपण इथं माणसांना जेवू घालतोय की पोती भरतोय, असं त्यांनी त्या दिवशी पाचही मदतनिसांना विचारलं, आणि पाचातल्या दोघांच्या हातात तेव्हा मोबाइल होता.

साठी झाली आणि बाई निवृत्त होऊन घरी आल्या. घर म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. सून हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत, सकाळी सातला घराबाहेर. आणि नात. अडीच वर्षांची, काटकुळी, एका जागी म्हणून न ठरणारी. घरातले तिला मुंगी म्हणायचे.

मुंगीला सांभाळायचं काम बाईंकडे आलं. पहिल्याच दुपारी त्यांनी मऊ भात कालवला, वर लोणी घातलं, चमचा पुढं केला आणि मुंगीनं मान फिरवली. दुसरा घास, पुन्हा मान. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. वाटी भरलेली परत. बाईंना ते सहन होईना. ज्या बाईंनी रंगकामातल्या धिप्पाड गड्याला हनुवटी धरून वळवलं, त्यांच्यापुढं हे वीतभर पोर तोंड मिटून बसलं होतं.

तिसऱ्या दुपारी बाईंनी आपला मोबाइल पाण्याच्या पेल्याला टेकवला आणि सशाचं कार्टून लावलं.

इथं मला बाईंचा खरोखर राग येतो. ज्या गोष्टीपायी त्यांनी तीनशे माणसांवर आग पाखडली, तीच गोष्ट त्यांनी स्वतःच्या हातानं, त्याच पद्धतीनं, नातीपुढं मांडली. कळत नव्हतं असं नाही. पण ससा उड्या मारायला लागला तसं मुंगीचं तोंड आपोआप उघडलं, चमचा आत गेला, तोंड मिटलं. बारा घासांत वाटी रिकामी. बाईंनी ती रिकामी वाटी तशीच न धुता ओट्यावर ठेवली, सून आल्यावर दाखवायला.

सून वाटी बघून म्हणाली, "आई, फोन लावला होतात का? सवय लागेल हं तिला."

"तीनशे माणसं जेवू घातलीयत मी," बाई म्हणाल्या. "एका मुंगीसाठी तुझी शिकवणी नको मला."

सून वाटी घासायला लागली. दमलेली होती, आणि खरं सांगायचं तर वाटी रिकामी बघून तिलाही बरंच वाटलं होतं. दोन वर्षं हे असं चाललं. सकाळचं दूध सशाबरोबर, दुपारचा भात सशाबरोबर, संध्याकाळी सशाच्या जोडीला एक बोलणारा ट्रक आला. मुंगी साडेचार वर्षांची झाली, तिच्या वाट्या लखलखीत परत आल्या आणि बाई शेजारपाजारच्या बायकांना सांगत सुटल्या की आमच्या घरात पोरगी जेवत नाही ही भानगडच नाही.

मग तो मिठाचा दिवस आला.

सकाळी निघताना सुनेनं बटाटा-गाजराचं दाट सूप करून ठेवलं होतं. "आई, मीठ घातलंय हं," ती दारातून म्हणाली. "हो, हो," बाई म्हणाल्या. त्या तेव्हा मोबाइलमध्ये मुंगीच्या जेवणासाठी सशाचा नवा भाग शोधत होत्या, त्यामुळे ‘मीठ’ काय आणि ‘येते’ काय, त्यांना सगळं सारखंच. दुपारी सूप गरम केलं, हात सवयीनं मिठाच्या बरणीत गेला. तोही कँटीनचा हात. चाखायचा प्रश्न नव्हताच.

मुंगीनं वाटीभर सूप खाल्लं. शेवटचा चमचा गेला तरी नजर सशावरून हलली नाही. मग बाईंनी स्वतःसाठी वाढून घेतलं, पहिला चमचा तोंडात घातला आणि उठून बेसिनकडे पळाल्या. नुसतं मीठ! जिभेला झोंबत होतं.

चूळ भरून त्या परत आल्या आणि मोबाइल पालथा घातला.

"मुंगे, खारट नव्हतं?"

मुंगीनं हात पुढं केला. मोबाइलसाठी.

"आत्ता काय खाल्लंस तू?"

मुंगीनं रिकाम्या वाटीत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आजीकडे बघून, चुकलं तर रागावतील अशा आवाजात म्हणाली, "भात?"

"पोट भरलं का तुझं?" त्यांनी विचारलं. मुंगीनं पुन्हा वाटीत बघितलं. तिला प्रश्नच कळला नव्हता. पोट भरलं की नाही हे आजी ठरवायची. वाटी संपली म्हणजे भरलं.

दुपारभर पोर पाणी पाणी करत होती आणि चारच्या सुमाराला तिनं सगळं ओकून टाकलं. बाई फरशी पुसत होत्या आणि पुसता पुसता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. दोन वर्षांत या मुलीनं एकदाही ‘भूक लागली’ म्हटलं नव्हतं. रडली, हट्ट केला, ससा मागितला, ट्रक मागितला. खायला कधी मागितलं नाही. ताटावरून माणसाचं दुखणं ओळखणाऱ्या बाईंना घरातलं हे दुखणं दिसलं नव्हतं, कारण ताट रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुंगीला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. बाहेर बसायच्या खोलीत भिंतीवर टेबलाएवढा पडदा, त्यावर कार्टून, आणि खाली ओळीनं नऊ मुलं माना वर करून बसलेली. आत डॉक्टर टायपिंग करत होते. बाईंनी सगळं सांगितलं, मिठासकट. डॉक्टरांनी मुंगीचं पोट दाबून पाहिलं, काळजीचं कारण नाही म्हणाले आणि पुन्हा टाइप करायला लागले.

"जेवताना स्क्रीन पूर्ण बंद करा. एरवीही कमी करा," ते संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाले आणि एक छापील कागद पुढं सरकवला. कागदाच्या तळाशी लिहिलं होतं: अधिक माहितीसाठी आमचा व्हिडिओ मोबाइलवर पाहा.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या, "बाहेर तुमच्या भिंतीवर काय चाललंय?"

"मुलं शांत बसतात त्यानं."

"माझीही शांत जेवायची. ते बंद करा म्हणताय ना? मग आधी तुमचं करा!" आणि मुंगीला काखोटीला मारून त्या बाहेर आल्या, पडद्याखालचं बटण शोधलं, कार्टून बंद केलं. नऊच्या नऊ मुलांनी भोकाड पसरलं. पाठोपाठ नऊ आया उठल्या. बाई जिन्यावरून खाली उतरेपर्यंत तो गलका ऐकू येत होता.

घरी येऊन त्यांनी तोच कित्ता गिरवला. मोबाइल पिठाच्या डब्यात पुरला आणि मुंगीपुढं भात ठेवला. मुंगीनं भाताकडे पाहिलं नाही. पेल्याकडे पाहिलं. पेल्याला काही टेकलेलं नव्हतं. मग ती जी किंचाळायला लागली ती थांबेचना. बाईंनी समजावलं, दटावलं, मग जबरदस्तीनं चमचा तोंडात कोंबला. मुंगीनं तो घास आजीच्या अंगावर थुंकला, आणि बाईंचा हात उठला. एक चापट गालावर बसली.

संध्याकाळी सुनेनं तो गाल पाहिला.

ती सून एरवी तोंडातून ब्र न काढणारी. त्या दिवशी तिनं खांद्यावरची पिशवीही खाली ठेवली नाही. "मारलंत तिला?"

"थुंकली माझ्यावर. दोन दिवस फोन नाही मिळाला की येईल वळणावर."

"वळणावर? आई, फोन कुणी लावला होता? मी? मी सांगितलं होतं तुम्हाला, सवय लागेल म्हणून. काय म्हणालात तेव्हा? तीनशे माणसं जेवू घातली. तुम्हाला मुलगी जेवायला नकोच होती, वाटी रिकामी व्हायला हवी होती. ती झाली. आता तुम्हालाच ती चालत नाही, तर मार कुणी खायचा? तिनं?"

बाईंना आयुष्यात असं कुणी धारेवर धरलं नव्हतं. चूक अंगाशी आली की माणूस दुसरा कोणी सापडतो का बघतो, तशा त्या वळल्या. टेबलाशी त्यांचा मुलगा जेवत होता. डावा हात मोबाइलवर, उजवा ताटात. घरात एवढं रणकंदन चाललेलं, आणि हा कुणाच्या तरी कुत्र्याचा व्हिडिओ बघून गालातल्या गालात हसत होता.

"अरे ए!" सासू-सून दोघी एकदम ओरडल्या.

त्यानं दचकून मान वर केली. "काय झालं?"

काय झालं ते त्याला पुढचा अर्धा तास ऐकावं लागलं. आधी आईनं खडे बोल सुनावले, मग बायकोनं, मग दोघींनी मिळून. "अगं, लिफ्टमध्ये माणूस अडकला तर फोन येतो मला," असं तो एकदा म्हणाला. "येऊ दे की," बायको म्हणाली. "वाजेल. वाजला की उचल. कुत्रा कशाला बघायला लागतो?" दाराजवळच्या फळीवर त्याच रात्रीपासून तिन्ही मोबाइल जेवायच्या वेळी जाऊन बसायला लागले. वाजेल तो उचलायचा, न वाजेल त्याला हात लावायचा नाही.

मुंगीच्या जेवणाचा नियम सुनेनं घातला आणि तो बाईंसाठीच होता. "ताट ठेवायचं. वीस मिनिटांनी उचलायचं. खाल्लं तर खाल्लं. मधे तुम्ही एक शब्द बोलायचा नाही, आई. विनवणी नाही, धाक नाही, ‘एकच घास’ नाही. मधल्या वेळात बिस्किटं नाहीत. आणि तुम्ही तिच्यासमोर बसून जेवायचं."

"बसून?"

एवढ्या वर्षांत बाई दुसऱ्या कुणाबरोबर बसून जेवल्या नव्हत्या. सगळ्यांचं झालं की ओट्याशी उभ्या उभ्या काहीतरी पोटात ढकलायचं, हेच त्यांचं जेवण. पण त्या दिवशी त्यांनी मुंगीच्या खुर्चीसमोर स्वतःसाठी खुर्ची ओढून ठेवली.

पहिले चार दिवस कसे गेले ते बाईंनाच माहीत. मुंगी खुर्चीत बसायची, रडायची, टेबलाला लाथा मारायची आणि दमली की भिंतीकडे बघत राहायची. वीस मिनिटांनी बाई ताट उचलायच्या. भरलेलं ताट. ओट्यापर्यंत चार पावलं, पण ती त्यांना कँटीनच्या हॉलएवढी लांब वाटायची. दूध थोडं जायचं, अर्धं अंडं जायचं, बाकी काही नाही. तिसऱ्या रात्री मुलगा म्हणाला, "आई, आजच्या दिवस लाव की कार्टून. वाळलीय पोर." बाई त्याच्यावर अशा खेकसल्या की तो फळीवरचा फोन न घेताच झोपायला गेला. त्यांनाही ते लावायचंच होतं, म्हणून तर एवढ्या खेकसल्या.

कार्टून मात्र पूर्ण बंद केलं नाही. सून म्हणाली, शाळेत, शेजारी, सगळीकडे आहे ते, तोंड लपवून कुठं जाणार? दुपारची झोप झाली की दोन भाग, आणि आजीनं शेजारी बसून बघायचे. तेव्हा बाईंनी पहिल्यांदा तो ससा नीट पाहिला. दोन वर्षं त्यांनी फक्त चमचा पाहिला होता. एक भाग संपला की त्यांच्या अंगठ्याची वाट न बघता दुसरा आपोआप सुरू व्हायचा, दुसरा संपायच्या आत तिसऱ्याचं चित्र कोपऱ्यात हजर. बाई संतापानं फणफणल्या. माझ्या कँटीनमध्ये कुणी असं न विचारता ताटात दुसरं ताट पालथं केलं असतं तर मी त्याचा हात मोडला असता, त्या सुनेला म्हणाल्या. कोण लोक आहेत हे? यांना कुणी सांगितलं पोरीला अजून हवंय म्हणून? सुनेनं ते आपोआप सुरू होणं बंद कसं करायचं ते दाखवलं. बाईंनी ते तिच्याकडून तीनदा करून घेतलं आणि मग स्वतः केलं.

बंद करायचं काम मुंगीचं. भाग सुरू व्हायच्या आधी ठरायचं: "दोन. मग बंद कोण करणार?" "मी." पहिल्या आठवड्यात ‘मी’ म्हणणारी मुंगी दुसरा भाग संपला की जमिनीवर लोळण घ्यायची, आणि बाईच बंद करायच्या, ओठ घट्ट मिटून. दुसऱ्या आठवड्यात लोळण कमी झाली, कुरकुर राहिली. मग एके दिवशी मुंगीनं अंगठा दाबला, "खवीस आजी," असं म्हणाली आणि खाली शेजारच्या मुलीकडे खेळायला गेली. खवीस म्हटल्याचा बाईंना राग आला. पण अंगठा तिचा तिनं दाबला होता, त्यामुळे तो राग त्यांनी तसाच पोटात ठेवला.

जेवणाचं मात्र घोडं अडलेलंच होतं. मुंगी आता रडत नव्हती. चार घास खायची, बोटानं ताटात रेघा मारायची, वीस मिनिटं झाली की आजीकडे बघायची. भाताचा डोंगर करायची आणि मोडायची. बाई समोर बसून जेवत होत्या आणि त्यांना बोलता येत नव्हतं. शेजारची बाई जिन्यात भेटली, "मुंगी बारीक झाली हो," म्हणाली. त्यावर तिला जे ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. रात्री बाई पडून राहायच्या आणि एकच गोष्ट डोक्यात फिरत राहायची. हिची भूक मी मारली. मेली असेल तर? माझ्या हातानं मी ती सशाला खायला घातली असेल तर?

चौथ्या आठवड्यातली एक दुपार. बाई बटाटे आणि गाजरं कढईत परतत होत्या, वर झाकण ठेवलं होतं. मुंगी सकाळपासून खाली अंगणात होती. शेजारच्या मुलीबरोबर तिनं विटांचं काहीतरी बांधायला घेतलं होतं. दार धाडकन उघडलं आणि मुंगी आत आली. गुडघे मातीनं भरलेले, केस घामानं कपाळाला चिकटलेले.

"आजी, भूक लागली."

बाईंच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. "काय म्हणालीस?"

"भूक," मुंगी म्हणाली आणि फ्रॉक वर करून पोट दाखवलं, आजीला भूक म्हणजे काय ते कळत नसावं म्हणून. "इथं. दुखतं."

मग बाईंची जी तारांबळ उडाली ती तीनशे माणसं दारात उभी असतानाही कधी उडाली नव्हती. ताट कुठं, चमचा कुठं, हात धू, नको, आधी बस, नको, हातच धू. झाकण काढलं, वास घ्यायलाही थांबल्या नाहीत, कढई सरळ ताटात रिकामी केली. ताट मुंगीपुढं ठेवलं आणि समोर बसल्या. एक शब्द बोलायचा नव्हता, म्हणून तोंडावर हात ठेवून बसल्या.

मुंगीनं बटाट्याची फोड उचलली, फुंकर मारली, तोंडात घातली. चावली. थांबली. पुन्हा चावली. मग तोंड वाकडं करून तिनं ती फोड ताटाच्या कडेला काढून ठेवली आणि ताट दोन्ही हातांनी आजीकडे ढकललं.

"कच्चं आहे."

नियम गेला उडत. बाई ताडकन उभ्या राहिल्या. "कच्चं? माझ्या हातचं? एकतीस वर्षांत कुणाची छाती झाली नाही मला असं म्हणायची! चार आठवडे तोंडात घास धरला नाहीस, आता भूक लागली म्हणतेस आणि वर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतेस? कोण म्हणतं कच्चं आहे?"

"मी," मुंगी म्हणाली. ती जरासुद्धा घाबरली नव्हती. "तू खा."

बाईंनी रागारागानं ताटातली एक मोठी फोड उचलली आणि तोंडात टाकली. दातांखाली करकन आवाज आला. बाहेरून मऊ, आत दगड. त्यांनी दुसरी फोड घेतली. तीही तशीच. मुंगी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"आहे ना कच्चं?"

"आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी ताट उचललं, सगळं पुन्हा कढईत ओतलं, पाण्याचा हबका मारला, झाकण आपटलं आणि गॅस मोठा केला. पोरीकडे त्यांनी पाठ केली होती. मागं मुंगीनं चमचा टेबलावर आपटायला सुरुवात केली.

"दहा मिनिटं लागतील!" बाई मागं न बघता ओरडल्या.

"नाही दहा!" मुंगी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडली. तिचं तोंड लालबुंद झालं होतं, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि चमचा आपटायचा थांबत नव्हता. "आत्ता दे! मला भूक लागलीय, आजी! भूक लागलीय मला!"